माप एकदाच, पैसे दोनदा: ९२१३६ या कोडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका मेडिकल बिलिंग कंपनीत मी क्वालिटी ऑडिटर आहे. आमच्या मजल्यावर फक्त डोळ्यांचे क्लेम होतात, आणि तेही सगळे अमेरिकेतले. रुग्ण तिकडचा, डॉक्टर तिकडचा, पैसे देणारं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, तेही तिकडचं. डॉक्टरांनी काय केलं ते वाचून त्याला बिलासाठी ठरलेला आकडी कोड लावणारी मुलं मात्र हडपसर, वाघोली, चिंचवडहून येतात. कुणी बी.फार्म., कुणी फिजिओथेरपी, कुणी होमिओपॅथी करून इकडे वळलेलं. मोबाईल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, रुग्णाचं नाव स्क्रीनच्या बाहेर जाता कामा नये. नव्या मुलांना पहिले आठ दिवस त्याचीच धास्ती असते. कोडिंगची धास्ती नंतर येते.

हे प्रकरण २०२५ मधलं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळा मोजण्याच्या ९२१३६ या कोडचं. क्लायंट म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातला नेत्रतज्ज्ञांचा दवाखाना: तीन सर्जन, दोन शाखा, बहुतेक काम मोतीबिंदूचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

एक डोळा की दोन, हे ठरतं कसं

माणसाला डोळे दोन, पण बिलात ते कधी एक असतात, कधी दोन, आणि कधी दीड. मेडिकेअरच्या फी शेड्यूलमध्ये, म्हणजे दरपत्रकात, प्रत्येक कोडसमोर एक छोटा आकडा असतो, बायलॅटरल इंडिकेटर. आकडा १ असेल तर दोन्ही बाजूंना एकाच दिवशी केलेल्या कामाचे दीडपट पैसे मिळतात. मोतीबिंदूची नेहमीची शस्त्रक्रिया ६६९८४ किंवा डोळ्यात दिलं जाणारं इंजेक्शन ६७०२८ या गटातले. इंजेक्शन दोन्ही डोळ्यांत दिलं तर एकाच ओळीवर ५० हा मॉडिफायर, म्हणजे कोडमागे जोडायची दोन आकड्यांची किंवा अक्षरांची खूण, लावायचा, युनिट १. आकडा २ असेल तर फी मुळातच दोन्ही डोळ्यांची धरलेली आहे. रेटिनाचा ओसीटी स्कॅन ९२१३४ आणि फंडस फोटो ९२२५० हे असे. एक डोळा तपासा नाहीतर दोन, पैसे तेवढेच. आकडा ३ म्हणजे प्रत्येक डोळ्याचे पूर्ण पैसे. १०० डॉलरची फी धरली तर पहिल्या गटात १५०, दुसऱ्यात १००, तिसऱ्यात २००. एवढं पाठ झालं की नवा कोडर खूश असतो.

हे आकडे कायमचे नसतात. फ्लुओरेसिन अँजिओग्राफीचा ९२२३५ हा कोड २०१७ पूर्वी प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा मोजला जाई. त्या वर्षापासून एक डोळा असो वा दोन, तो एकदाच. ज्यानं २०१६ मध्ये काम शिकलं आणि नंतर पुस्तक उघडलं नाही, तो अजूनही दोन ओळी टाकतो. असे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा आत्मविश्वास फार दांडगा असतो.

आता ९२१३६. मोतीबिंदू काढून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी प्रकाशानं मोजतात, त्या तपासणीचा हा कोड. डायग्नोस्टिक तपासण्यांच्या बऱ्याच कोडांसारखे याचेही दोन भाग पडतात. यंत्र, तंत्रज्ञ, प्रत्यक्ष मोजणी हा टीसी, म्हणजे तांत्रिक भाग. डॉक्टरनं ती मापं बघून भिंगाचा नंबर ठरवणं हा व्यावसायिक भाग, त्याला मॉडिफायर २६. गंमत अशी की या एकाच कोडमध्ये टीसी भाग दोन्ही डोळ्यांचा मिळून एकदाच धरलेला आहे, आणि २६ चा भाग प्रत्येक डोळ्याचा वेगळा. अर्धा कोड दुसऱ्या गटात, अर्धा तिसऱ्या.

ट्रेनिंगमध्ये मी शिंप्याचं उदाहरण देते. शिंपी माप एकदाच घेतो, वहीत लिहून ठेवतो. शर्ट शिवला की त्याची शिलाई, महिन्यानं त्याच मापावर दुसरा शर्ट शिवला की त्याची वेगळी शिलाई. पण माप घेण्याचे पैसे दुसऱ्यांदा लावले तर गिऱ्हाईक भांडेल. मोतीबिंदूत रुग्ण एका खुर्चीत बसतो, हनुवटी टेकवतो, यंत्र दोन्ही डोळे मोजतं, एकच कागद निघतो. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी ठरली तर त्या वेळी ९२१३६ पूर्ण, आरटी, म्हणजे उजव्या डोळ्याचा मॉडिफायर, लावून. काही आठवड्यांनी डावा डोळा करायचा ठरला आणि त्याच मापांवरून डॉक्टरनं डाव्याच्या भिंगाचा नंबर काढला, तर फक्त ९२१३६-२६-एलटी, एलटी म्हणजे डावा डोळा. आपल्याकडे खासगी रुग्णालयात मोतीबिंदूचं पॅकेज सहसा एका डोळ्याचं, त्यात तपासणी-भिंग सगळं आलं. त्यामुळे ही विभागणी आमच्या मुलांना पहिल्यांदा ऐकताना पोरकट वाटते.

काय बिघडलं

दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही क्लेम पूर्ण कोडचा जात होता. ९२१३६-एलटी. म्हणजे यंत्राचे पैसे दोनदा.

हे कळलं एका नव्या मुलीमुळे. फिजिओथेरपी केलेली, कामावर येऊन दोन महिने झालेले. मी तिच्या मागे उभी राहून दुसऱ्याच एका क्लेमचं बघत होते, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हा कागद मी आधी बघितलाय." मी म्हटलं, असेल, सगळे कागद सारखेच दिसतात. ती म्हणाली, "नाही मॅडम, हाच. ह्या बाईंचा पहिला डोळा पण मीच केला होता."

तिनं दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. बायोमेट्रीचा, म्हणजे डोळ्याच्या या मोजणीचा, प्रिंटआउट एका पानाचा असतो: डावीकडे ओडी म्हणजे उजवा डोळा, उजवीकडे ओएस म्हणजे डावा. यावरूनच नवखे अर्धा दिवस गोंधळतात. वरच्या कोपऱ्यात मोजणीची तारीख आणि वेळ छापलेली असते. दोन्ही खिडक्यांत तारीख तीच, वेळही मिनिटापर्यंत तीच. आणि डाव्या डोळ्याच्या क्लेमवरची सेवेची तारीख त्यानंतर बावीस दिवसांची.

आमच्या क्यूएच्या, म्हणजे क्वालिटी तपासणीच्या, चेकलिस्टमध्ये या कोडसाठी चार प्रश्न होते. ऑर्डर आहे का? रिपोर्ट आहे का? सही आहे का? डोळा जुळतो का? चारही ठिकाणी टिक. निदानाचा कोडही बरोबर होता, डाव्या डोळ्याच्या वयोमानाच्या न्यूक्लियर मोतीबिंदूसाठी एच२५.१२, आणि एलटीशी तो जुळत होता. आम्ही डोळा कोणता हे डोळ्यांत तेल घालून बघत होतो, कारण ते चुकलं की क्लेम परत येतो आणि क्लायंटचा ईमेल येतो. यंत्र कोणत्या दिवशी चाललं हे कुणी विचारतच नव्हतं, कारण त्यासाठी क्लेम कधी परत आलाच नव्हता. ही चेकलिस्ट मीच बनवली होती.

मूळ शोधायला दीड दिवस लागला. दवाखान्यानं साधारण अडीच वर्षांपूर्वी रुग्णनोंदींची प्रणाली बदलली होती. जुन्या पद्धतीत तंत्रज्ञ कागदी स्लिपवर टीसी की २६ की पूर्ण, अशी खूण करायचा. नव्या प्रणालीत सर्जननं भिंगाच्या गणिताच्या पानावर सही केली की ९२१३६ आपोआप चार्जमध्ये, म्हणजे बिलात लावायच्या कामांच्या यादीत, पडायचा, आणि ज्या डोळ्याचं गणित त्या डोळ्याचा मॉडिफायर चिकटायचा. ज्यानं ते टेम्प्लेट बनवलं त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं: एक सही, एक चार्ज. आमच्याकडे चार्ज तयार येऊ लागला, आणि तयार आलेल्या गोष्टीकडे माणूस कमी बघतो.

तीन आठवड्यांच्या अंतरानं, वेगळ्या डोळ्यावर, वेगळ्या निदानानं आलेल्या दोन क्लेममध्ये संगणकाला वावगं काही दिसलं नाही. एकाच दिवशी दोनदा टाकलं असतं तर बहुधा अडकलं असतं. वेगळ्या दिवशी गेलं, पैसे आले. डिनायल आलं, म्हणजे क्लेम नाकारला गेला, की आमच्याकडे धावपळ होते. अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा करणारी एआर टीम रात्री फोन करते, रोजच्या रिपोर्टमध्ये लाल रंग दिसतो. जास्त पैसे आले तर कोणताच रंग दिसत नाही.

एका क्लेममागे जास्तीची रक्कम म्हणाल तर किरकोळ. तिकडे दोघांनी साध्या ठिकाणी जेवलं तरी संपेल एवढी. म्हणूनही ती कुणाच्या नजरेत आली नसावी.

पहिल्या दोन दिवसांत मी काय केलं, आणि त्यात काय चुकलं

इथे मी घाई केली. दुसऱ्याच दिवशी आमच्या क्लेम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नियम टाकून घेतला: एकाच रुग्णाचा ९२१३६ बारा महिन्यांत दुसऱ्यांदा आला तर त्याला आपोआप २६ लावायचा. रक्तस्राव आधी थांबवावा, हा विचार. टीम लीडनं विचारलं होतं, "क्लायंटला विचारायचं का आधी?" मी म्हटलं, चूक दुरुस्त करायला काय विचारायचं.

दोन आठवड्यांनी त्या नियमाखालून गेलेले क्लेम हातानं तपासले तर अकरा चुकीचे निघाले. त्यांत यंत्राचा भागही खरोखर देय होता, आणि आम्ही तो कापला होता. एका आजोबांचा पहिला डोळा झाल्यावर चष्म्याचा नंबर अपेक्षेपेक्षा बराच वेगळा आला, म्हणून सर्जननं दुसऱ्या डोळ्याआधी दोन्ही डोळे पुन्हा मोजायला सांगितलं, कारण लिहून, नवी ऑर्डर काढून. काही जणांची पहिली मोजणी दुसऱ्याच गावातल्या डॉक्टरकडे झाली होती. एका बाईंनी पहिल्या मोजणीच्या वेळी कॉन्टॅक्ट लेन्स पुरेसे दिवस काढून ठेवल्या नव्हत्या, माप भरवशाचं नव्हतं. प्रिंटआउटवरची नवी तारीख बघितली असती तर हे सगळं तिथल्या तिथे कळलं असतं. मी मात्र "दुसरा डोळा म्हणजे २६" असा सरसकट नियम लावून तीच चूक उलट्या बाजूनं केली होती. पहिल्या चुकीत डोळा बघून यंत्र गृहीत धरलं होतं, दुसऱ्या चुकीतही तेच.

शिवाय डॉक्टरच्या सहीनं आलेला चार्ज त्याच्या परवानगीशिवाय बदलायचा अधिकार आम्हाला करारानंही नव्हता. तो नियम काढला आणि त्याजागी थांबा लावला: असा क्लेम पुढे जाणारच नाही, कोडरनं मोजणीची तारीख टाईप केल्यावरच सुटेल.

समोर असलेले पर्याय

पुढचं थांबलं. मागचं काय?

आमचे डिलिव्हरी मॅनेजर सर वाईट माणूस नाहीत. मीटिंग रूमचं दार लावून ते म्हणाले, "मॅडम, पुढचं नीट झालं ना? मग मागचं उकरून कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा? ते म्हणतील, तुमचे कोडर काय करत होते." प्रश्न बरोबर होता. कोडर काय करत होते याचं उत्तर माझ्या चेकलिस्टमध्ये होतं.

गप्प बसणं हा पर्याय दिसायला स्वस्त होता. पण अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानं एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे: मेडिकेअरचे जास्तीचे पैसे आले हे ओळखल्यापासून ६० दिवसांत ते कळवून परत करायचे. मागे किती जायचं, तर सहा वर्षं. जाणूनबुजून ठेवून घेतले तर मग तो साधा हिशेबाचा प्रश्न राहत नाही, सरकारकडे खोटे क्लेम टाकण्याविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली येतो. १ जानेवारी २०२५ पासून यात एक बदल झाला. माहिती असूनही डोळेझाक केली तरी ते ओळखल्यातच जमा; मात्र प्रामाणिकपणे आणि वेळेवर तपास चालू असेल तर ६० दिवसांचं घड्याळ जास्तीत जास्त १८० दिवस थांबतं. त्या मुलीनं दोन खिडक्या शेजारी लावल्या त्या क्षणानंतर "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय उरली नव्हती. आणि पैसे परत करण्याची जबाबदारी कायद्यानं दवाखान्याची होती. आम्ही गप्प बसलो असतो तर त्यांचं घड्याळ त्यांना न सांगता अडवून ठेवलं असतं.

दुसरा पर्याय फोनवर सांगण्याचा. सरांना तो पसंत होता: "लेखी कशाला? आधी त्यांचा मूड बघू." मला तो सगळ्यांत धोकादायक वाटला. फोनवर सांगितलेलं दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीनं लक्षात ठेवतात, आणि कुणाला कधी कळलं याची तारीखच या सगळ्या प्रकरणाचा कणा होती.

तिसरा, लेखी कळवायचं आणि सोबत तपासाचा आराखडा द्यायचा. यातही दोन वाटा होत्या. नमुना काढून त्यावरून एकूण रकमेचा अंदाज बांधता येतो. तशी पद्धत मान्य आहे, वेळ वाचतो. नाहीतर एकेक फाईल उघडायची. दुसऱ्या डोळ्याचे मेडिकेअरचे क्लेम तीनशेच्या आसपास होते. हजारो असते तर मी नमुन्याचाच आग्रह धरला असता. तीनशे फाईल म्हणजे दोन माणसांचं तीन आठवड्यांचं काम. आणि माझ्याच फसलेल्या नियमानं दाखवलं होतं की त्यांत खरेखुरे पुनर्मोजणीचे क्लेमही होते. अंदाजानं गेलो असतो तर तेही परत केले गेले असते.

सरांनी शेवटी एकच विचारलं, "ईमेल तुमच्या नावानं जाईल की माझ्या?" मी म्हटलं, दोघांच्या. त्यांनी मसुदा वाचला, "आमच्या चुकीमुळे" हा शब्दप्रयोग दोनदा खोडला, आणि तिसऱ्यांदा राहू दिला.

काय केलं

ईमेलमध्ये तीन गोष्टी ठळक लिहिल्या: काय आढळलं, कधी आढळलं, आणि काय अजून तपासलेलं नाही. रुग्णांची नावं अर्थातच नाहीत, ती यादी सुरक्षित पोर्टलवर वेगळी. माझा तो सरसकट नियम आणि त्यात कापले गेलेले अकरा क्लेमही लिहिले. तो परिच्छेद लिहायला बाकी ईमेलपेक्षा जास्त वेळ लागला.

दवाखान्याच्या व्यवस्थापक बाईंचं उत्तर सहा तासांत आलं, दोन ओळींचं. त्यांनी वकिलाला आणि बाहेरच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालनाच्या, सल्लागाराला बसवलं. वकिलानं पहिलं काम केलं ते कागदावर तारीख टाकण्याचं: तपास अमुक दिवशी सुरू.

तपासात प्रत्येक फाईलला एकच प्रश्न: प्रिंटआउटवरची मोजणीची तारीख आणि पहिल्या डोळ्याच्या वेळची तारीख एक आहे का? एक असेल तर यंत्राचा भाग परत. वेगळी असेल तर दुसरी ऑर्डर आणि पुन्हा मोजण्याचं कारण फाईलमध्ये लिहिलंय का? लिहिलं असेल तर क्लेम बरोबर. तारीख वेगळी पण कारण नाही, अशा मोजक्या फाईल वकिलाच्या सांगण्यावरून परतीच्या यादीत गेल्या. सर्जनना आता मागाहून कारण लिहायची परवानगी द्यावी का, असा प्रश्न एका शाखेतून आला होता. उत्तर एका शब्दाचं होतं.

साधारण आठातला एक क्लेम खरा पुनर्मोजणीचा निघाला. बाकी जवळजवळ सगळे जास्तीचे.

प्रणाली बदलण्याआधीच्या वर्षांचं काय, हा वादाचा मुद्दा झाला. एक सर्जन म्हणाले, चूक टेम्प्लेटची, टेम्प्लेट अडीच वर्षांचं, मग सहा वर्षं मागे जायचं कारण काय? सल्लागारानं सुचवलं, जुन्या काळातला छोटा नमुना बघा, स्वच्छ असेल तर तसं लिहून थांबा. कागदी स्लिपवरच्या तंत्रज्ञाच्या खुणा आणि गेलेले क्लेम ताडून पाहिले. ते स्वच्छ होते. सही करून निवृत्त झालेल्या त्या तंत्रज्ञाला मी कधी भेटले नाही, पण त्याच्या टीसी आणि २६ च्या खुणा इतक्या नेटक्या होत्या की टीममध्ये आम्ही त्याला काका म्हणू लागलो होतो.

मग दवाखान्याला येणं असलेल्या पैशांचा प्रश्न आला. तपासात उलटेही क्लेम सापडले: दुसऱ्या डोळ्याच्या भिंगाचं गणित झालं होतं, पण चार्जच पडला नव्हता. शिवाय काही दुसऱ्या डोळ्यांच्या ६६९८४ वर ७९ मॉडिफायर राहून गेलेला. पहिल्या शस्त्रक्रियेच्या ९० दिवसांच्या आत दुसरा डोळा केला तर ७९ लावून सांगावं लागतं की हे काम आधीच्या कामाशी संबंधित नाही. नाहीतर ते पहिल्याच्या फीमध्ये गुंडाळलं जातं आणि क्लेम फेटाळला जातो. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, देणं आणि येणं वजा करून फरक देऊ. तसं होत नाही. मेडिकेअरकडे क्लेम टाकायला सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत. त्यापलीकडचं न टाकलेलं येणं बुडालं. देणं मात्र सहा वर्षांपर्यंत जिवंत. आपल्या बाजूनं बघितलं तर हे अन्यायाचं वाटतं, आणि मला अजूनही थोडं वाटतं. पण दोन्ही एकाच वहीत मांडता येत नाहीत.

परतफेड कशी करायची हाही निर्णयच होता. खासगी विमा कंपन्यांना बहुधा दुरुस्त केलेला क्लेम पाठवता येतो. मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या सेवांचे पैसे देणाऱ्या भागात, तसा बदली क्लेम चालत नाही. रीओपनिंग, म्हणजे निकाली निघालेला क्लेम पुन्हा उघडणं, मागावं लागतं, आणि एका वर्षानंतर त्यालाही सबळ कारण लागतं. म्हणून सगळे क्लेम एका यादीत घालून, कारण लिहून, स्वेच्छेनं परतफेडीचा अर्ज आणि चेक, असं ठरलं.

एवढं झाल्यावर यादी बंद होणार होती. तेव्हा आमच्या पेमेंट पोस्टिंगच्या, म्हणजे आलेले पैसे नोंदवणाऱ्या, टीममधला एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, वीस टक्क्यांचं काय?" पार्ट बी मंजूर रकमेच्या ८० टक्के देतं, २० टक्के रुग्ण देतो किंवा त्याची पूरक विमा पॉलिसी. यंत्राचे पैसे दोनदा घेतले म्हणजे त्या आजी-आजोबांकडूनही दोनदा घेतले. वकील, सल्लागार, मी, कुणाच्याच आराखड्यात हे नव्हतं. सगळे सरकारच्या पैशांकडे बघत होते.

निष्पत्ती

मेडिकेअरची रक्कम मुदतीच्या बरीच आधी परत गेली. पुढे काही चौकशी आली नाही. पूरक विमा कंपन्यांचे पैसे त्यांच्या त्यांच्या पद्धतीनं गेले, आणि ते काम मुख्य कामापेक्षा जास्त किचकट निघालं, कारण प्रत्येक कंपनीचा अर्ज वेगळा. ज्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं होतं त्यांना दवाखान्यानं छोटे छोटे चेक आणि एक पानाचं पत्र पाठवलं.

करार गेला नाही. दर मात्र कमी करावा लागला, आणि तपासाचे तीन आठवडे आम्ही बिलात लावले नाहीत. सरांना वर जाऊन उत्तर द्यावं लागलं. त्यांनी ते दिलं, आणि माझं नाव पुढे केलं नाही, हेही लिहायला हवं.

टेम्प्लेट दवाखान्यानं बदललं. आता भिंगाच्या गणितावर सही केली तर फक्त २६ पडतो. यंत्राचा भाग तंत्रज्ञानं मोजणी पूर्ण केली की वेगळा पडतो, डोळ्याच्या मॉडिफायरशिवाय.

पुन्हा करायचं झालं तर

चेकलिस्टमधला चौथा प्रश्न मी आता फार वेगळा लिहीन. "डोळा जुळतो का?" हा प्रश्न सगळ्या कोडांना सारखा लावला, हीच मुळातली चूक. ६६९८४ ला तो लागू आहे, चुकीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया कोड होणं ही गंभीर गोष्ट. ९२१३४ ला तो जवळपास निरर्थक, तिथे विचारायचं ते एवढंच की आज हा कोड एकदाच आहे ना. ९२१३६ ला विचारायचं: यंत्र कोणत्या दिवशी, डॉक्टर कोणत्या दिवशी. आता आमच्याकडे कोडागणिक वेगळे प्रश्न आहेत. लांबलचक झालंय, मुलं कुरकुरतात.

पहिल्या दिवशी क्लेम थांबवले असते आणि बदलले नसते, तर ते अकरा क्लेम पुन्हा उघडावे लागले नसते. थांबवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बदलायला लागत होती. हा फरक मला बारा वर्षांच्या नोकरीनंतर कळायला नको होता.

रुग्णाचा वाटा आराखड्याच्या पहिल्या ओळीत असायला हवा होता. पोस्टिंगच्या टीमला पहिल्या बैठकीत बोलावलं नाही, कारण "हा कोडिंगचा प्रश्न आहे" असं मीच म्हणाले होते.

एका गोष्टीवर माझं अजून ठरत नाही. त्या नव्या मुलीनं कागद ओळखला, कारण दोन्ही डोळे योगायोगानं तिच्याच वाट्याला आले होते. आमच्याकडे काम रांगेतून वाटलं जातं, जो मोकळा त्याला पुढचा क्लेम. एका रुग्णाचं सगळं काम एकाच कोडरकडे ठेवलं तर असं काही लवकर दिसेल, पण रांग मंदावते आणि रोजचा आकडा पडतो. सध्या फक्त मोतीबिंदूच्या रुग्णांपुरतं तसं करून बघतोय. तीन महिन्यांत आकडा थोडा पडलाय. सर दर सोमवारी त्याबद्दल विचारतात.

रुग्णांना पाठवलेल्या चेकपैकी काही परत आले. पत्ते बदलले होते, काही जण वृद्धाश्रमात गेले होते, दोघं वारले होते. असे न वटलेले पैसे ठरावीक काळानंतर त्या राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या खात्यात जमा करावे लागतात. तोवर व्यवस्थापक बाई पत्ते शोधताहेत. मागच्या आठवड्यात त्यांचा ईमेल आला, एका आजीबाईंच्या मुलाचा पत्ता तुमच्याकडच्या नोंदीत कुठे दिसतो का बघा. चेक सात डॉलरचा आहे.